बाबांचे सँडल आणि सारवलेली घरं

नाशिकच्या जुन्या सीबीएसवर घोटीच्या एसटीची वाट बघत आम्ही उभे होतो, तेव्हा येणारेजाणारे बाबांच्या पायांकडे वळून वळून बघत होते. खादीचा सदरा, खांद्याला शबनम, आणि तपकिरी सँडलच्या आत पांढरेशुभ्र मोजे.

"मुक्ता, लोक हसतायत," बाबा म्हणाले.

"हसू देत. तुम्हाला लोक आयुष्यभर हसले. कधी फरक पडला?"

"विचारांना हसायचे गं. मोज्यांना पहिल्यांदाच हसतायत."

मोजे डॉक्टरांनी सांगितलेले. बाबांना जुना मधुमेह आहे आणि त्यांच्या तळव्यांची जाणीव गेली आहे. गेल्या वर्षी बुटात एक खडा घेऊन ते दिवसभर हिंडले. संध्याकाळी जखम दिसली, पुढे ती चिघळली आणि उजव्या पायाचं धाकटं बोट काढावं लागलं. "पुढच्या वेळी बोटावर भागेलच असं नाही," डॉक्टर म्हणाले होते. अनवाणी एक पाऊलही टाकायचं नाही, घरातसुद्धा नाही. मोजे पांढरे, म्हणजे रक्त आलं तर लगेच दिसेल.

अशा माणसाने जिल्हाभर हिंडायचा हट्ट का धरावा? बाबांचा छोटा छापखाना होता. मजुरी, वनजमीन, पाणी, जो प्रश्न पेटेल त्यावर ते पत्रक काढायचे आणि स्वतःच गावोगाव पायी फिरून वाटायचे. बिघडलेल्या पत्रकांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी पाढे लिहिले आणि पुढच्या बाजूवर वाचायला शिकले. त्या फिरस्तीत ज्यांनी त्यांना भाकरी दिली, आसरा दिला, त्यांना एकदा भेटून यायचं होतं. "पाय आहेत तोवर," असं ते म्हणाले, तेव्हा मी नाही म्हणू शकले नाही. अट एकच घातली : सँडल कुठल्याही घरात काढायचे नाहीत. बाबांनी मान डोलावली. माझ्या वडिलांची मान मला माहीत असायला हवी होती.

सँडल मेन रोडवरच्या एका साध्या दुकानातले, माझे बूट कापडी. डोंगर चढणारी गोरी माणसं दाखवून विकतात ते महागडे बूट आम्ही बघितलेसुद्धा नाहीत. दसरा नुकताच झाला होता. थंडी पडेपर्यंत हिंडायचं, एवढंच ठरलेलं होतं.

घोटीला उतरलो तर हवेत ओल्या पेंढ्याचा वास होता. भातकापणी सुरू होती. बाबांचे जुने सहकारी हरीभाऊ गावाबाहेर राहतात. त्यांच्या घरी जायला खाचरांच्या बांधावरून वाट. वरून कोरडा दिसणारा बांध पाय ठेवताच खचायचा. माझ्या कापडी बुटांनी सगळं पाणी पिऊन घेतलं आणि प्रत्येक पावलाला बेडकासारखा आवाज काढायला सुरुवात केली. शेजारच्या खाचरात बाया कापणी करत होत्या, कापल्या भाताच्या टोकदार खुंटांमधून अनवाणी. त्यातली एक माझ्या बुटांकडे बघून ओरडली, "ताई, काढा ते! बूट भिजला का सुकत नाय, पाय भिजला का पदराला पुसता येतो!" सगळ्या हसल्या. मीही हसले, पण मला रागही आला. जी माणसं सर्वात जास्त चालतात त्यांच्याच पायात सर्वात कमी असतं, आणि याची आपल्याला इतकी सवय झाली आहे की ते चित्र आपल्याला सुंदर वाटतं. कॅलेंडरवर छापतो आपण.

हरीभाऊंच्या दारात बाबांनी एक पाय वर केला, भिंतीला हात टेकला आणि सँडलचा बंद सोडला.

"बाबा!"

"अगं, ताजं सारवलंय."

"आपलं काय ठरलं होतं?"

तोवर दुसराही सँडल निघाला होता. नुसत्या मोज्यांनी ते आत गेले आणि हरीभाऊंच्या गळ्यात पडले. दोन म्हातारी माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत राहिली आणि मी दारात बुटांतलं पाणी ओतत उभी राहिले.

बाबांचं हे का होतं, ते मला ठाऊक आहे. त्यांच्या लहानपणी त्यांच्या वडिलांना, म्हणजे माझ्या आजोबांना, पाटलाच्या घरावरून जाताना वहाणा हातात घ्याव्या लागत. बाबांनी ते बघितलं होतं. मोठे झाल्यावर त्यांनी स्वतःपुरता नियम केला : जिथे सत्ता चपला काढायला लावते तिथे काढायच्या नाहीत, आणि जिथे कष्टकऱ्याने आपल्या हाताने जमीन सारवली आहे तिथे कुणी सांगायच्या आत काढायच्या. यावर त्यांनी पत्रकही काढलं होतं. मला ते पाठ आहे आणि मला ते पटतं. पंचाईत तीच. ज्या गोष्टीवर माझा विश्वास आहे, तिच्याच विरुद्ध मी दारोदार भांडत होते.

त्या संध्याकाळी मी मोबाइलचा दिवा धरून त्यांचे तळवे तपासले. पुढे ही रोजची रीतच झाली. तळवा हातात घ्यायचा, बोटांच्या बेचक्यांत बघायचं, टाच दाबायची. "काही लागतंय?" मी विचारायचे. "तुझा हात गार आहे एवढं वरच्या बाजूला कळतं," ते सांगायचे.

घोटीहून सायखेड्याला गेलो. इथे गोदावरी संथ असते. घाटाच्या पायऱ्यांवर गाळ सुकून त्याचे पापुद्रे झाले होते. माझे बूट एव्हाना वाळले होते, पण डाव्या बुटाचा तळ पुढून सुटून चालताना जीभ काढल्यासारखा खाली लोंबायचा. मी त्याला दोरी बांधली. गावाबाहेर द्राक्षबागांची कामं चालू होती. औषध मारणाऱ्या मजुरांच्या पायांत प्लास्टिकचे बूट होते, टाचेपाशी फाटलेले.

बाबांच्या शाळासोबत्याचा मुलगा इथला मोठा बागायतदार. त्याने आग्रहाने बंगल्यावर नेलं. चकाकणारी फरशी, तिच्यात आपला चेहरा दिसेल अशी. दारात पाटी : कृपया पादत्राणे बाहेर काढावीत.

बाबा सरळ आत निघाले.

"काका, तेवढे सँडल बाहेर काढता का?" तो नम्रपणे म्हणाला.

"डॉक्टरांची सक्त मनाई आहे," बाबा गंभीर चेहऱ्याने म्हणाले. "पाय जाईल माझा."

ते सोफ्यावर बसले, पायावर पाय टाकून. चहा झाला, बिस्किटं झाली. बाहेर पडल्यावर मी रस्त्यातच थांबले.

"डॉक्टर फक्त फरशीवरच आठवतात का तुम्हाला?"

"फरशी लय गार असते गं," ते म्हणाले, आणि त्यांच्या मिशीखाली जे हसू होतं ते बघून मला रागावणं जमेना. मी इतकी हसले की बुटाची दोरी सुटली.

येवल्यापर्यंत मात्र हसू ओसरलं होतं. मधली बरीच गावं पायी झाली, ओळखीची बरीच दारं बंद मिळाली. कुणी मुलाकडे पुण्याला गेलेलं, कुणी वारलेलं. काळ्या मातीच्या रस्त्यांनी आमचे जोडे जड केले होते. ती माती ओली असताना तळाला चिकटते आणि वाळल्यावर दगड होते. मी काडीने ती खरवडून काढायचे, आधी बाबांच्या सँडलची, मग माझ्या बुटांची. साध्या जोड्याची खरी परीक्षा चढणीवर होत नाही. ती रोजच्या ओल्या-सुक्याने होते. ओलीने डिंक सुटतो, उन्हाने रबर तडकतं, आणि ज्या जागी पाऊल रोज वाकतं तिथेच तळ मोडतो.

येवल्यात एका पैठणी विणणाऱ्याकडे गेलो. माग खड्ड्यावर बसवलेला. विणकर काठाशी बसून पाय खाली सोडतो आणि अनवाणी पायांनी पावडी (मागाचा पायाने दाबायचा दांडा) दाबतो. जवळ रेशीम पसरलेलं, त्यामुळे तिथे जोडे चालतच नाहीत. बाबांनी माझ्याकडे न बघता सँडल काढले. मोराच्या पिसाऱ्यातला एक निळा धागा विणकर किती वेळ बसवत होता, ते आम्ही दोघं बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी येवल्याच्या स्टँडवर बाबांच्या उजव्या सँडलचा पट्टा तळातून उखडला. स्टँडबाहेर एक चांभारकाका बसले होते.

"शिवायला लागंल," ते सँडल उलटा करून म्हणाले. "तळ उसवून परत शिवतो. बसा निवांत."

नाशिकची गाडी फलाटावर लागली होती. ती चुकली तर पुढची सुरगाण्याची चुकणार होती.

"काका, सुरगाण्याला जायचंय. आत्तापुरतं काही होईल?"

"खिळे मारून देतो. पण सुरगाण्याला गेल्याव शिवून घ्या, काय? ही मलमपट्टी हाय."

"मारा खिळे," मी म्हणाले.

त्यांनी मारले, आतून हात फिरवला, बाबांनी पाय घातला, आणि आम्ही गाडीकडे पळालो. म्हणजे मी पळाले, बाबा झपझप चालले.

नाशिकला गाडी बदलली, वणीमार्गे सुरगाणा. द्राक्षं मागे पडली, घाट आला, साग आला. उन्हं कलली तशी हवा गार झाली. आम्हाला सोनीबाईंकडे जायचं होतं. वनजमिनीच्या लढ्यात त्या आणि बाबा बरोबर चालले होते. फाट्यावर उतरून पाड्यापर्यंत दगडगोट्यांची वाट. बाबा त्या दिवशी खुशीत होते. वाटेत म्हणाले, "या वाटेवर सोनी मोर्च्याच्या पुढं असायची. एवढुशी बाई. घोषणा दिली की डोंगरातून परत यायची."

पाड्यावरचं शेवटचं घर. कुडाच्या भिंती, वर कौलं, अंगणात नागलीची (नाचणीची) कणसं वाळत घातलेली. सोनीबाई बाहेर आल्या. डोळ्यांवर हात धरून बघितलं.

"दादा? पत्रकवाला दादा?"

"तोच. थोडा कमी होऊन आलोय."

"ये, ये. माना घर हाय (माझं घर आहे), तुनाच समज."

बाबा उंबऱ्यापाशी थांबले आणि त्यांनी सँडल काढले. यावेळी मी भांडले नाही. दमले होते. ते आत गेले, एक, दोन, तीन पावलं. सोनीबाईंची सून हिरा चुलीपाशी होती. ती एकदम म्हणाली, "बाबा, थांबा."

सारवलेल्या हिरवट जमिनीवर तांबडे ठसे उमटले होते.

उजवा मोजा तळाकडून भिजला होता. बाबा त्याच्याकडे असे बघत होते की जणू तो दुसऱ्याच कुणाचा पाय आहे. मी सँडलमध्ये हात घातला. चालून चालून तळ दबला होता आणि खिळ्याचं टोक वर आलं होतं. फाट्यापासून ते त्या टोकावर चालत आले होते, सोनीबाईंच्या घोषणांच्या गोष्टी सांगत.

डॉक्टरांचं वाक्य डोक्यात घणासारखं बसत होतं. सोनीबाईंनी मला बाजूला केलं, तांब्याभर पाणी आणलं आणि पाय स्वतःच्या मांडीवर घेऊन धुतला. त्यांचा मुलगा बाळू मोटरसायकल काढायला धावला. सरकारी दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी जखम साफ केली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या, साखर तपासली.

"सँडल काढले म्हणून दिसलं," त्या म्हणाल्या. "तसेच हिंडत राहिले असते तर वेगळं बोलावं लागलं असतं."

"मग मी काढतो ते बरोबरच की," बाबा माझ्याकडे बघून म्हणाले.

"आजोबा, फुशारकी नको. जखम तळव्यात आहे. ती भरेपर्यंत फार चालायचं नाही, आणि उघडा पाय जमिनीला लागता कामा नये. घरातसुद्धा. लाली वर चढायला लागली तर ताबडतोब नाशिकला न्या."

ड्रेसिंग इथेच होणार होतं. म्हणून आम्ही सोनीबाईंकडेच राहिलो. बाळूने बाजारातून मऊ तळाच्या रुंद चपला आणल्या. पट्टीसकट पाय आत मावत होता. आणि पाड्यावर परतल्यावर जे व्हायचं तेच झालं. बाबा चपला घालून अंगणातल्या खाटेवर बसले आणि आत यायला तयार होईनात.

"दादा, आत चल. थंडी हाय."

"चपला घालून? तुमच्या चुलीपर्यंत? नाही जमणार सोनी."

"मग काढ."

"ते ही पोरगी करू देत नाही."

"बाबा, प्लीज," मी म्हणाले. मला रडू येत होतं. "तत्त्वासाठी पाय घालवणार का तुम्ही? मी काय पत्रक काढू त्याच्यावर?"

"माझ्या बापाला दुसऱ्याच्या दारात वहाणा हातात घ्याव्या लागल्या. मी या घरात चपला घालून गेलो तर त्या पाटलात आणि माझ्यात फरक काय? इथंच खातो. इथंच झोपतो."

पाटलाने घालू दिल्या नाहीत आणि तुम्हाला इथे कुणी अडवत नाही, हा फरक मला दिसत होता, पण त्यांच्या तोंडावर तो मांडला तर ते अजून ताठ होतील हेही दिसत होतं.

सोनीबाई आत गेल्या. त्यांनी आढ्याजवळच्या फळीवरून एक प्लास्टिकची पिशवी काढली. तिच्यात त्यांच्या चपला होत्या, लाल पट्ट्यांच्या, बाजारच्या दिवशीच घालायच्या. फाट्यापर्यंत हातात न्यायच्या आणि तिथे पायात घालायच्या, म्हणजे झिजत नाहीत. सोनीबाईंनी त्या जमिनीवर ठेवल्या, पायात घातल्या आणि आपल्याच सारवलेल्या घरात, चुलीपासून दारापर्यंत, फटक फटक चालत आल्या.

"हिरे, तुझ्या कुठं हायत?"

हिराने सासूकडे बघितलं, मग बाबांकडे. पदर तोंडाला लावून हसत ती बाहेर आली, कुडाला टांगलेल्या निळ्या स्लिपर घेतल्या आणि घालून आत गेली. बाळू शेताच्या चिखलाचे बूट घालून आला.

"तू धुऊन ये, रेड्या!" सोनीबाई ओरडल्या.

मग मला म्हणाल्या, "तू काय बघते? घाल तुझे ते दोरीवाले."

मी माझे दोरी बांधलेले बूट घातले आणि आत जाऊन बसले. चुलीभोवती आम्ही सगळे जोड्यांसकट. सोनीबाई दारात उभ्या राहिल्या.

"आता एकटा तूच बाहेर हायस दादा. आमी सगळे पाटील झालो."

बाबा खाटेवरून उठले नाहीत. हिरा आतून म्हणाली, "बाबा, तुमचा पाय गेला तं आमच्याकडं चालत कोण येईल? बाकी सगळे गाडीत बसून येत्यात न् गाडीतच बसून जात्यात."

ते उठले. उंबऱ्याशी त्यांचा हात सवयीने भिंतीला टेकला, पाय वर झाला, क्षणभर तसाच राहिला. सोनीबाईंनी त्यांचा दंड धरला आणि त्यांना आत घेतलं.

नागलीची भाकरी, उडदाची आमटी, खुरासणीची (काळ्या तिळासारख्या दिसणाऱ्या तेलबियांची) चटणी. बाबा खाली मान घालून जेवले. डोळे पुसायला त्यांनी चुलीच्या धुराचं निमित्त केलं.

पुढे जखम भरेपर्यंत असंच चाललं. टाचांनी जमीन उकरली जायची, पोपडे निघायचे. हिरा रोज सकाळी शेणाचा हात फिरवायची. मी तिच्याबरोबर बसायचे, माझा हात वाकडातिकडा चालायचा. "ताई, तुम्ही पत्रकंच लिहा," ती म्हणायची. तिसऱ्या का चौथ्या दिवशी बाबाही चपलांसकट लंगडत आले आणि बादली धरून बसले. तेव्हापासून त्यांनी चपलांबद्दल एक शब्द काढला नाही.

लाली वर चढली नाही. जखमेच्या कडा आवळत गेल्या. निघताना सोनीबाई फाट्यापर्यंत आल्या, चपला घालून.

नाशिकच्या डॉक्टरांनी तळवा बोटाने दाबून बघितला, पुन्हा बघितला आणि म्हणाले, "वाचलात." माझे बूट कचऱ्यात गेले. त्यांचा दोष नव्हता. साधे जोडे साध्या चालण्यापुरते टिकतात, फक्त रोज उलटे करून बघावे लागतात. बाबांच्या त्या सँडलमधला खिळा मी काढून टाकला.

प्रवासात मी एक गोष्ट शिकले आणि ती अजून मला नीट मांडता येत नाही. मान देण्यासाठी माणूस खाली वाकतो, जोडे काढतो, हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण ज्याला मान द्यायचा, तोच आपल्या जमिनीची माती होऊ देऊन दुसऱ्याचा मान राखतो, हे कुठल्या पत्रकात नव्हतं.

परवा हिराचा फोन आला. तक्रारीच्या सुरात म्हणाली, "ताई, बाबांना द्या. आत्या (सासूबाई) आयकत नाय. अजून घरात चपला घालून हिंडते. म्हणते, आता सवय झाली, बरं वाटतं."

बाबांनी फोन कानाला लावला. पलीकडून सोनीबाईंचा आवाज मला इथपर्यंत आला, "दादा, गुडघं दुखत नायत रे माझं!"

"नको काढूस सोनी," बाबा म्हणाले. "अजिबात नको काढूस."